ट्रेडमिलवरची कॉपी

जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आयुष्यभर गणित शिकवलं, पण नाव झालं ते कॉपी पकडण्यात. गणित शिकवणारे पुष्कळ असतात. बाहीत सरकवलेली चिठ्ठी तीन बाकांवरून ओळखणारा एखादाच असतो. बोर्डाच्या परीक्षेत माझी सुपरव्हिजन ज्या वर्गावर लागायची, त्या वर्गातली मुलं प्रश्नपत्रिका बघायच्या आधी माझ्याकडं बघून घाम पुसायची, असं लोक सांगत. मी ते कधी नाकारलं नाही. ही आत्मस्तुती नव्हे. पुढं जे घडलं ते कोणत्या माणसाच्या बाबतीत घडलं, हे आधी कळलेलं बरं, म्हणून सांगतो.

घडलं ते बोधगयेपायी. आमच्या पुंडलिकनगरच्या विहारातून दरवर्षी बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी अशी सहल जाते. सत्यभामा, म्हणजे आमची ही, लग्न झाल्यापासून जायचं म्हणते आहे. आधी पोरं लहान होती, मग सुयशची बारावी आली, मग दर उन्हाळ्यात माझे पेपर तपासायचे असत. पुढं मी निवृत्त झालो आणि कारणं संपली. यंदा तिनं मला न विचारताच दोघांची नावं दिली आणि पांढऱ्या साड्या इस्त्रीला टाकून मोकळी झाली.

त्यानंतर लगेच सहलीचं सगळं बघणारा संघपाल घरी आला. जय भीम घातला, चहा घेतला, आणि कप खाली ठेवल्यावर स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला की यंदा साठीच्या पुढच्यांना हृदयाचं फिटनेस सर्टिफिकेट लागणार. तेही हृदयाच्या डॉक्टरचंच, साध्या डॉक्टरचं चालणार नाही. हा नियम कुणी काढला, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. "वरून आलाय, सर," तो म्हणाला. जिल्हा परिषदेत जन्म गेलेल्या माणसाला 'वरून आलाय' म्हटल्यावर पुढचा प्रश्न सुचत नाही. तेवढ्यात सत्यभामा येऊन कप घेऊन गेली.

आता एक गोष्ट सांगतो, जी तोवर मी कुणालाही सांगितली नव्हती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. दिवाळीपासून भाजीची पिशवी घेऊन चढताना जिन्याच्या पहिल्या वळणावर छातीत मधोमध कुणीतरी तळहात दाबून धरावा तसं व्हायचं. जरा थांबलं की जायचं. मी त्याचं निदान 'गॅस' असं केलं होतं आणि त्यावर ओवा चालू होता. पण धडधाकट माणसानं वळणावर नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही. म्हणून मी वाकून चपलेचं बक्कल लावल्यासारखं करायचो. येणारे जाणारे 'काय सर, बरंय ना' म्हणून पुढं जायचे, आणि मी बरंय म्हणायचो.

त्यामुळं सर्टिफिकेट म्हटल्यावर मी आधी ओव्याची बाटली काढली. डॉक्टरनं नाही म्हटलं तर मी घरी बसणार, आणि मी घरी बसलो तर ही जाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला सोडून ती औरंगपुऱ्यात ब्लाउजपीस आणायला जाते, बोधगयेला नाही. इतक्या वर्षांनी इस्त्री झालेल्या साड्या माझ्या एका गॅसपायी परत कपाटात जाव्यात, हे मला सहन होणार नव्हतं.

औरंगपुऱ्यातल्या एका दवाखान्यात आधी ईसीजी काढला. तिथल्या माणसानं माझ्या छातीवरच्या केसांत रेझरनं चार-पाच ठिकाणी चौकोन काढले. भूमितीच्या दृष्टीनं एकही चौकोन धड नव्हता, पण मी बोललो नाही. रिपोर्ट हातात आला तर त्यावर लिहिलेलं: रामकिसन, वय त्रेसष्ट, स्त्री. काउंटरवरच्या मुलीला दाखवलं तर ती म्हणाली की कॉम्प्युटरनं घेतलंय, आता बदलायचं तर लेखी अर्ज आणि आधारकार्ड लागेल. मी तिथंच उभ्यानं अर्ज लिहिला. 'विषय: मी पुरुष असल्याबाबत.' तिनं तो अर्ज वाचला, मग माझ्याकडं बघितलं, मग शेजारच्या मुलीला दाखवला. दुरुस्ती व्हायला दोन हेलपाटे पडले. दुसऱ्या हेलपाट्याला अख्खं काउंटर मला ओळखत होतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, ईसीजी तसा ठीक आहे, पण बसल्या जागी काढलेल्या ईसीजीत सगळं दिसत नाही. हृदयरोगतज्ज्ञाकडं जाऊन ट्रेडमिलची टेस्ट करून घ्या. पट्ट्यावर चालायचं, पट्टा हळूहळू जोरात पळतो, चढही वाढत जातो, आणि तेवढा वेळ हृदयाची रेघ पडद्यावर दिसत राहते.

डॉक्टरांनी तपासणी म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. ते टेस्ट म्हणाले. टेस्ट म्हटलं की आमच्या घराण्यात अभ्यासाला लागतात.

खालच्या मजल्यावर सखारामराव राहतात. एसटीत कंट्रोलर होते, आता आमच्या कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीजवळच्या बाकाचे कंट्रोलर आहेत. त्या बाकावर गेल्यावर मला कळलं की या परीक्षेचा निकाल आमच्याकडं आधीपासून लागत आला आहे. सखारामराव नऊ मिनिटं चालून पहिले आले होते. एक निवृत्त तलाठी साडेसातवर दुसरे. बँकेतले एक गृहस्थ सहा मिनिटांत दमून उतरले होते, आणि त्यांच्याशी लोक जरा हळू आवाजात बोलत. प्रत्येकानं मला सल्ला दिला. कुणी बीटचा रस सांगितला, कुणी कांदा बंद करायला सांगितला, कुणी कांदा कच्चा खायला सांगितला. तलाठ्यांचं म्हणणं पडलं की पट्ट्याकडं बघायचंच नाही, समोरच्या भिंतीकडं बघून जमिनीची मोजणी करतोय असं समजायचं.

सखारामरावांनी मात्र मला शिकवणीच लावली. सुयश पुण्याला जाताना विसरून गेलेले पळायचे बूट मी काढले. ते मला दोन नंबर मोठे होते, म्हणून पुढं कापूस कोंबला. रोज सकाळी ते मला स्कूटरवर घालून पडेगावच्या पुढं दौलताबादच्या रस्त्याला नेत. तिथं चढ बरा आहे. मी पुढं झपझप चालायचो, ते मागून स्कूटर हळू चालवत मोबाइलमध्ये वेळ लावायचे आणि हॉर्न वाजवून वेग वाढवायला सांगायचे. एकदा मेंढरं घेऊन चाललेला एक माणूस बराच वेळ हे बघत उभा राहिला. मग सखारामरावांना म्हणाला, "गाडीवर जागा हाय की. घ्या ना म्हाताऱ्याला." पळतोय तो सराव आहे, असं मी त्याला दम खात समजावलं. त्यानं मान हलवली आणि मेंढरं माझ्यापासून जरा लांबून नेली.

त्याच चढावर तळहात पुन्हा छातीवर आला. मी खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागलो. सखारामरावांनी मोबाइल बघून तोंड वाकडं केलं. मग स्कूटर स्टँडवर लावली, आजूबाजूला बघितलं आणि खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढली.

"सर, तुमाला म्हून सांगतो. आपली बीपीची गोळी हाय. डॉक्टर म्हनले व्हते टेस्टच्या दिशी सकाळी घेऊ नका. मी घेतली. काळीज आसं थंडगार, धडधड म्हून नाय. नऊ मिनिटं."

मी छाती पुढं काढून नकार दिला. आयुष्यभर ज्या गोष्टीविरुद्ध उभा राहिलो ती मी करणार नव्हतो. घरी आलो तर सत्यभामा खुर्चीवर उभी राहून माळ्यावरची बॅग काढत होती. ओल्या फडक्यानं ती पुसताना ती मला विचारत होती की लुंबिनीला थंडी असेल का, स्वेटर एक घ्यावा का दोन. दोन घे, मी म्हणालो. संध्याकाळी मी सखारामरावांकडून गोळ्या घेऊन आलो. मनाशी असं ठरवलं की ही काही कॉपी नव्हे, फार तर गाइड.

परीक्षेच्या दिवशी गोळी घेतली, पट्टी अर्ध्या चड्डीच्या खिशात टाकली आणि हिच्यासोबत दवाखान्यात जायला निघालो. जिन्याखाली शेजारच्या केसरबाई चिवड्याचे डबे उन्हात ठेवून बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, दोन्ही गुडघे गेलेले, तरी सहलीत आमच्या आधी नाव. मावशी, तुम्ही सर्टिफिकेट काढलं का, मी विचारलं. "कसलं?" त्या म्हणाल्या. मी मोठ्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या की आधारकार्ड घेतलंय की. त्यांना ऐकू कमी येतं असं समजून मी पुढं निघालो. सत्यभामा म्हणाली, चला, उशीर होतोय.

दवाखान्यात टेक्निशियननं वायरी लावून मला आत नेलं आणि हृदयरोगतज्ज्ञ बघून मी जागच्या जागी थांबलो. डॉक्टर विशाखा माझी विद्यार्थिनी. पहिल्या बाकावर बसायची, त्रैराशिक तोंडी करायची. तिनं आनंदानं हात जोडले. मी अर्ध्या चड्डीत, कापूस भरलेल्या बुटांत, छातीवर जुने आणि नवे चौकोन आणि त्यांना जोडलेल्या वायरी अशा अवस्थेत तिला आशीर्वाद दिला. छातीत कधी दुखतं का, दम लागतो का, असं तिनं विचारलं. मी तोंडातली ओव्याची चव गिळून नाही म्हणालो.

पट्टा सुरू झाला. मी भिंतीकडं बघून चालू लागलो. खरंच धडधड नव्हती. चढ वाढला, वेग वाढला, सखारामरावांचा विक्रम मला दिसायला लागला. विशाखा मात्र पडद्याकडं बघत होती आणि तिच्या कपाळावर आठी होती. एवढं चालून ठोके वाढत कसे नाहीत, असं ती टेक्निशियनला म्हणाली. मग मला विचारलं, सर, सकाळी काही औषध घेतलं का? मी नाही म्हणालो. ती नुसती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, हात मागं बांधून. ही पद्धत माझी आहे. भल्याभल्यांच्या चिठ्ठ्या मी अशा बाहेर काढल्या आहेत. मी गडबडून रुमालासाठी खिशात हात घातला आणि रुमालाबरोबर पट्टी बाहेर आली. ती पट्ट्यावर पडली, आणि पट्ट्यानं ती सावकाश मागं नेऊन विशाखाच्या पायाशी टाकली.

विशाखानं वाकून गोळ्या उचलल्या, नाव वाचलं आणि मशीन बंद करायला सांगितलं.

"सर, पेपर तिथंच ठेवा आणि बाहेर या."

हे वाक्य मी किती पोरांना ऐकवलं असेल, त्याला गणती नाही. स्वतः ऐकल्यावर कळलं की त्यात कान किती गरम होतात. तिनं मला खुर्चीत बसवून दुसऱ्याची हृदयाची गोळी खाण्यातले धोके नीट, आवाज न चढवता सांगितले. या गोळीनं ठोके दाबून धरले जातात, मग हृदयावर ताण येत नाही, आणि ताणच आला नाही तर दुखणं दिसणार कसं? पास होण्यासाठी ही टेस्ट नसतेच, सर, ती म्हणाली. गोळ्या कुणी दिल्या ते मी सांगणार नव्हतो. मित्राचं नाव घेणं मला शोभत नाही. तिनं दुसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं.

सखारामराव तिचेच पेशंट निघाले. त्याच दिवशी त्यांना फोन गेला. त्यांच्या बोलण्यातून तलाठ्यांचं नाव निघालं, कारण साडेसात मिनिटांतही त्याच पट्टीतली एक गोळी होती. दोघांना फेरपरीक्षेला बोलावणं आलं. टाकीजवळच्या बाकावर प्रामाणिकपणे सहा मिनिटांत दमलेले बँकेतले गृहस्थ एका दिवसात पहिले आले आणि आपण होऊन सगळ्यांना सल्ले देऊ लागले.

मला तिनं गोळीचा असर उतरल्यावर पुन्हा यायला सांगितलं. तोवर पडेगाव बंद. आणि पट्ट्यावर असताना काही वाटलं तर लगेच हात वर करायचा. सत्यभामेला घडलेला प्रकार कळलाच. ती चिडेल असं वाटलं होतं, पण तिनं फक्त ओव्याची बाटली माझ्या हाताशी होती तिथून उचलून वरच्या फळीवर ठेवली.

दुसऱ्या खेपेला खिसे रिकामे होते. सुरुवातीलाच काळीज असं धडधडलं की सखारामरावांच्या गोळीची किंमत कळली. चढ वाढला आणि तो तळहात आला, जिन्यातल्यासारखाच, मधोमध. मी दात आवळले. आणखी थोडं रेटलं तर सर्टिफिकेट हातात होतं. विशाखाचं लक्ष पडद्याकडं होतं, माझ्या चेहऱ्याकडं नव्हतं.

दाराच्या काचेतून बाहेरचा बाक दिसत होता. सत्यभामा तिथं बसली होती. मी बूट घातल्यामुळं माझ्या चपला तिनं पिशवीत घालून मांडीवर धरल्या होत्या, आणि माझ्या बाजूच्या दाराकडं बघत होती. एकदम मनात आलं की हेच जर तिकडं कुठं झालं, कुशीनगरच्या एखाद्या रस्त्यात, तर ती परक्या गावात अशीच माझ्या चपला मांडीवर घेऊन बसेल, आणि दार उघडून कुणी बाहेर येणार नाही. मला भीती वाटली. मरणाची नव्हे. तिच्या तशा बसण्याची.

मी हात वर केला.

"विशाखा, छातीत दाबतंय. दिवाळीपासून दाबतंय."

तिचा हात बटणावरच होता. रेघ आधीच बदलली होती, सर, ती म्हणाली, मी थांबवणारच होते, पण तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मला आडवं केलं, जिभेखाली औषध दिलं, आणि तळहात हळूहळू निघून गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी परीक्षेत नापास झालो होतो आणि वर्गातली सगळी माणसं माझ्याशी गोड बोलत होती.

त्यापुढचं डॉक्टरांचं काम. मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी केली. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती, तिथं लगेच स्टेंट बसवला. मी जागा होतो आणि पडद्यावर माझीच रक्तवाहिनी उघडताना बघत होतो. गॅसचा कुठंही पत्ता नव्हता.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. प्रत्येकजण नारळपाणी आणि स्टेंट टाकलेला एक मेहुणा घेऊन येई. एकाचा मेहुणा आता भरपूर पळत होता, एकाचा नंतर पळून गेला होता. सखारामराव फेरपरीक्षा देऊन आले आणि बराच वेळ पंख्याकडं बघून म्हणाले, "साडेपाच." मग त्यांनी स्वतःच सांगितलं की हृदय ठीक आहे, फक्त बीपीच्या गोळ्यांचा डोस बदललाय. मी त्यांना माझ्या वाटणीचं नारळपाणी दिलं.

सहल आमच्याशिवाय गेली. बस निघाली तेव्हा सत्यभामा खिडकीत उभी होती. यंदाही माझ्यामुळंच राहिलं, असं मी म्हणालो. पांढऱ्या साड्या मात्र तिनं कपाटात ठेवल्या नव्हत्या, खुर्चीवरच होत्या.

सहल परतली तेव्हा केसरबाई बोधिवृक्षाचं पान घेऊन जिना चढून आल्या, गुडघ्यांना शिव्या देत. कौतुक वाटून मी विचारलं की मावशी, तुमचं सर्टिफिकेट तिकडं कुणी तपासलं?

"आवो सर, कसलं सर्टिफिकेट? मागंबी तेच इचारत व्हते तुमी. कुनालाच काय नाय मागितलं."

मी संघपालला बोलावलं. तो आला, बसला आणि पुन्हा पायाच्या अंगठ्याकडं बघू लागला. वरून म्हणजे नेमकं कुठून, मी विचारलं. त्यानं मान खाली ठेवूनच स्वयंपाकघराकडं बोट केलं आणि चहा न घेता उठून गेला.

सत्यभामा ओट्याशी मेथी निवडत होती. मी दारात उभा राहिलो. तिनंच बोलायला सुरुवात केली, मेथीकडं बघत.

"दिवाळीपासून जिन्यात वाकून चपलेचं बक्कल लावायचे तुमी. त्या चपलेला बक्कल हाय का?"

मी बाहेर जाऊन चपला बघितल्या. साध्या, पाय सरकवायच्या चामडी चपला. बक्कल नव्हतं. दुकानातून आणल्या तेव्हापासून नव्हतं.

मग मला सरळ का नाही सांगितलंस, डॉक्टरकडं चला म्हणून, मी विचारलं.

"सांगून आले असते व्हय? ओवा खाऊन दाखवला असता. परीक्षा म्हनलं की तुमी जाता."

इतक्या बाकांवरून इतक्या चिठ्ठ्या ओळखल्या मी. माझी चिठ्ठी इतके दिवस तिच्या हातात होती आणि मला पत्ता नव्हता. रागवावं असं मनात आणलं, पण डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मेथीमुळं आलं असं सांगायची सोय नव्हती. तिकडं जायची तुझी एवढ्या वर्षांची इच्छा, ती माझ्यासाठी पणाला लावून मोकळी झालीस, एवढंच मी म्हणालो.

"बोधगया कुटं पळून चालली का," ती म्हणाली. मेथीची जुडी संपवून तिनं हात झटकले. "वैशाख पौर्णिमेला दुसरी बॅच हाय. नावं दिलीत दोघांची. सर्टिफिकेट लागत नाय. तरी विशाखाकडून काढून आना."

मी कोपऱ्यातले सुयशचे बूट घेतले, पुढचा कापूस नीट दाबला आणि तिच्यासमोर बसून घातले. त्यांना नाड्या आहेत, हे तिला दाखवूनच मी त्या बांधल्या.